ऑफिसची शाल

आमच्या ऑफिसात एक शाल होती. मरून रंगाची, काठाला सोनेरी वेलबुट्टी, हाताला खरखरीत लागणारी. ती कोणाची, असं कोणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं: ऑफिसची. जशा ऑफिसच्या खुर्च्या, ऑफिसचा कूलर, ऑफिसचं स्टेपलर. फरक एवढाच, की खुर्चीवर बसल्याने आपला सत्कार झाला असं कोणाला वाटत नाही.

रायपूरला, भनपुरीत आमच्या ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याचं गोदाम आणि समोर गाड्या उभ्या करायचं मैदान, ज्यात पावसाळ्यात चिखल आणि बाकीचे महिने काळी धूळ. बिल्ट्या, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या बनवणं, बिलं काढणं, पगार करणं ही माझी कामं. आमचं घर ब्राह्मणपाऱ्यात. वडील रेल्वेत होते म्हणून वर्ध्याकडून इकडे आलो आणि इथलेच झालो. ऑफिसात सगळे मला दीदी म्हणतात. ताई म्हणणारे एकटे काका.

काका गोदाम सांभाळतात. अमरावतीकडचे, तरुणपणी कामाच्या शोधात रायपूरला आले ते परत गेले नाहीत. आता थकलेत, पण पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत अजून दिवसभर फिरत असतात. हमालांशी छत्तीसगढीत बोलतात, ड्रायव्हरांशी हिंदीत, आणि माझ्या टेबलाशी आले की त्यांच्या तोंडून वऱ्हाडी सुटते. त्यांना बरं वाटतं आणि मलाही.

शालीची कल्पना शेठजींच्या मुलाची. त्याला सगळे छोटे भैया म्हणतात. शेठजींची तब्येत ढासळल्यावर तो पुण्यातलं शिक्षण आटोपून आला आणि केबिनमध्ये बसायला लागला. मुलगा वाईट नव्हता. कोणावर आवाज चढवायचा नाही, पगार वेळेवर करायचा. पण धंदाच असा बसला होता की वेळेवर पगार होणं हीच मोठी गोष्ट. माल पाठवणाऱ्या मोठ्या पार्ट्यांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या होत्या आणि आमच्या गाड्या मैदानात उभ्या राहून धूळ खात होत्या. पगारवाढीचं नाव काढलं की छोटे भैया छताकडे बघायचे. एकेक ड्रायव्हर रस्त्यापलीकडच्या ट्रान्सपोर्टमध्ये जायला लागला होता.

एक दिवस मला आत बोलावलं.

"दीदी, पैसा तो अभी है नहीं. पर लोगों को लगना चाहिए कि हम उनकी कदर करते हैं. कम खर्चे में कुछ सोचिए."

मी म्हटलं, आधी गोदामातला बंद पडलेला पंखा सुरू करा, सगळ्यांना लगेच कदर वाटेल. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते. मे महिन्यात त्या पत्र्याखाली तासभर उभं राहून बघा, म्हणजे कळेल.

तर पंखा राहिला आणि शाल आली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, एकाचा सत्कार. छोटे भैया स्वतःच्या हाताने शाल पांघरणार, दोन शब्द बोलणार, सगळे टाळ्या वाजवणार, मग समोसा-चहा. फोटो ऑफिसच्या मोबाईल ग्रुपवर जाणार. फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण सगळ्यांत बरा कॅमेरा माझ्या फोनचा होता. न मागता मिळालेलं काम असंच येतं.

पहिली शाल एका ड्रायव्हरला मिळाली. तो ती घरी घेऊन गेला, कोणीही नेली असती. पण महिना उलटायच्या आत तो रस्त्यापलीकडे गेला, आणि पुढे कितीतरी दिवस आमची शाल त्या दुसऱ्यांच्या ट्रकच्या काचेशी, देवाच्या मूर्तीखाली अंथरलेली आम्हाला दिसायची. छोटे भैयांना ते फार लागलं. गोलबाजारातून त्यांनी दुसरी शाल आणवली आणि नियम केला: शाल ऑफिसची. फोटो निघाला की काढून घ्यायची. दर महिन्याला नवी घ्यायची तर मग कमी खर्चाचा अर्थ काय?

काढून कोण घेणार? काका. गोदामात आलेली वस्तू तशीच्या तशी बाहेर जाईल हे बघणारा माणूस तोच, म्हणून शालही त्यांच्या ताब्यात गेली. ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे ते इतकं अंगवळणी पडलं की हसू येणंही बंद झालं. सत्कारमूर्ती मधे उभी, छोटे भैया डावीकडे, काका उजवीकडे. मी "हां, हो गया" म्हटलं की काकांचा हात पुढे यायचा. सत्कारमूर्ती आपणहून खांदे सैल सोडायची. काका शाल काढायचे, त्याच घड्यांवर दुमडायचे, पारदर्शक पिशवीत घालायचे, दोन डांबरगोळ्या आत टाकायचे आणि गोदामातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद करायचे. मग येऊन गार झालेला समोसा खायचे.

पुढे पुढे हात घाई करायला लागला. मी फोटो काढायच्या आतच तो चौकटीत यायचा. प्रत्येक फोटोच्या उजव्या कडेला अर्धी बाही आणि एक काळवंडलेला, मोठ्या नखांचा हात, शालीच्या टोकाकडे निघालेला. छोटे भैया म्हणाले, "दीदी, वो हाथ काट दिया कीजिए, अच्छा नहीं लगता." मग मी फोटो कापून टाकायला लागले. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, फोटो कापल्यावर खरंच बरा दिसायचा.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर मी नुसती नाकं मुरडते आहे असं होईल. त्या शालीचा उपयोग व्हायचा. मला ते आवडत नव्हतं, पण व्हायचा. पाठ वाकलेला एक हमाल होता आमच्याकडे. त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या तर तो दोन्ही हातांनी शालीचं टोक धरून रडला. आयुष्यात त्याच्यासाठी कोणी टाळी वाजवली नसावी. नंतर कितीतरी दिवस तो सगळ्यांच्या आधी कामावर हजर असायचा.

मलाही एकदा मिळाली. घरी आईला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला आणि विचारलं, "शाल कुठी हाये?"

"ऑफिसात."

"मंग तुले काय भेटलं?"

मी चिडून स्वयंपाकघरात गेले. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी तो फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून बघितला होता. त्यात मी जरा रुबाबदार दिसत होते.

काकांना मात्र शाल मिळाली नव्हती. सगळ्यांना वाटलं की येईल त्यांचाही महिना. महिने जात राहिले.

काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, किडनीचा आजार होता. सरकारी दवाखान्यात डायलिसिस चालायचं. घरात तिघं: काका, काकू, आणि अभनपूरला दिलेली मुलगी, जी आईचं दुखणं वाढल्यापासून इकडेच राहायला आली होती. भनपुरीच्या मागे एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांच्या दोन खोल्या. मी एकदा काकूंना बघायला गेले. खाटेवर पडलेल्या, अंगावर सूज, पण तोंड तल्लख. मी कोण हे सांगावं लागलं नाही. ग्रुपवरचे सगळे फोटो काका त्यांना दाखवायचे, आणि बाहेर पडणं बंद झालेल्या त्या बाईला आमच्या ऑफिसातला माणूस न् माणूस ओळखू यायचा. अमका वाळला आहे, तमक्याने केस काळे केले आहेत, सगळं माहीत.

"ताई, सगळ्यायचे फोटू येते," त्या म्हणाल्या. "ह्यायचाच येत नाई. खरं सांगा, हे तिथं काम करते का नुसती गंमत पाहाले जाते?"

काका हसले आणि चहा सांगायला बाहेर गेले. ते जाताच काकूंचा चेहरा बदलला. मला म्हणाल्या, "माया काई भरोसा नाई आता. या माणसानं जलमभर लोकायचाच माल सांभाळला. एक डाव ह्यायच्या आंगावर शाल पायली का मी सुटली. मले दुसरं काई नाई पाह्यजे."

मी म्हटलं, असं बोलू नका, होईल.

"पयले फोटूत ह्यायचा हात दिसे," त्या म्हणाल्या. "मी वळखो. पोट्टीले दाखवो, हा पाह्य तुया बापाचा हात. आता तोबी नाई दिसत."

मुलगी पायाशी बसून तेल चोळत होती. ती मराठी सगळं समजायची, पण बोलायची हिंदीत. "मम्मी हर बार ज़ूम करके देखती है, दीदी," ती म्हणाली.

त्या महिन्यापासून फोटो कापणं बंद केलं. छोटे भैयांनी पुढे एकदा विचारलं, तेव्हा सांगितलं की माझ्या फोनमध्ये ते बटण चालत नाही.

आणि काकूंना भेटून आल्यावर सोमवारी सरळ केबिनमध्ये गेले. म्हटलं, या महिन्यात काकांचा सत्कार करा. छोटे भैया कॉम्प्युटरमधून डोकं न काढता म्हणाले, "करेंगे, करेंगे. पर काका कहाँ जाने वाले हैं, दीदी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि डोक्यात तिडीक गेली. बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि एकेकाचा चेहरा आठवायला लागले. तो रडणारा हमाल: त्याला त्याचा पुतण्या सुरतला बोलावत होता. वजनकाट्यावरचा मुनीम: त्याने राजीनाम्याची भाषा केली होती. आणि मी? मला शाल मिळाली त्या महिन्यात मी दुसरीकडे मुलाखतीला जायला अर्धा दिवस मागितला होता. ज्याचा एक पाय दाराबाहेर, त्याच्या खांद्यावर शाल. काका कुठे जाणार नव्हते, म्हणून काकांवर कापड खर्च करायचं कारण नव्हतं. तेही परत मिळणारं कापड. माझ्या त्या रुबाबदार फोटोची मला इतकी शिसारी आली की तो मी फोनमधून पुसून टाकला.

परत आत गेले आणि उभ्यानेच काकूंचं सगळं सांगितलं. सूज, डायलिसिस, फोटो, हात. छोटे भैयांनी या वेळी वर बघितलं. मग म्हणाले, "मुझे किसी ने बताया क्यों नहीं? इस महीने काका का. पक्का." ते मनापासून बोलत होते, हे मी आजही सांगते.

मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हातातली सुतळी बांधून पुरी केली. मग म्हणाले, "खरंच काय ताई?" आणि पुन्हा कामाला लागले. पण दुपारी बघते तर रोज मागे राहणारे काका सुट्टीची घंटा व्हायच्या आत घरी पळाले होते, बायकोला सांगायला.

काकूंनी मुलीला गोलबाजारात पाठवून नवीन शर्ट आणवला. आकाशी रंगाचा, बारीक पांढऱ्या रेघांचा. पहिला आणला तो पसंत पडला नाही, म्हणून बदलायला लावला. हे मला काकांनीच सांगितलं, तक्रारीच्या सुरात, आणि सांगताना चेहरा असा की कोणीही ओळखावं. तोवर काकूंचं अंगावरचं पाणी उतरेनासं झालं होतं. डॉक्टर आता फार काही बोलत नव्हते.

शनिवार आला. काका केस कापून, दाढी करून, तो आकाशी शर्ट घालून आले. शर्टाला घरी इस्त्री केलेली, बाहीवर कडक घडी. ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. "काका, बारात कहाँ जा रही है?" काका लाजून गोदामात शिरले, पण पोत्यांना हात लावेनात, शर्ट मळेल म्हणून. माझ्या टेबलाशी दोनदा येऊन गेले.

"ताई, फोटू निंगला का लगेच टाका बरं. पोट्टी फोन घेऊन बसून हाये. तिची माय वाट पाहून राह्यली."

"टाकते काका. लगेच."

"डोये उघडे येतीन का माये? माये बंदच येते."

मी म्हटलं, डोळे उघडे येईपर्यंत काढते.

दुपारी बाराच्या सुमारास आमचा सगळ्यांत चांगला ड्रायव्हर केबिनमध्ये गेला. विशाखापट्टणमच्या लाईनवर तोच एकटा चालायचा, आणि जी एक मोठी पार्टी आमच्याकडे उरली होती ती त्या लाईनवरची होती. दार बंद झालं. काचेतून दिसत होतं: तो उभा, छोटे भैया उभे, मग दोघं बसले. बंद दाराआड काय चाललं असेल ते ओळखायला ऑफिसात इतकी वर्षं काढलेल्या बाईला ऐकायची गरज पडत नाही.

दार उघडलं. समोसे आले होते, सगळे गोळा झाले होते. काका शालीची पिशवी हातात घेऊन उभे, कारण शाल आणायचं कामही त्यांचंच. छोटे भैया त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, अगले महीने पक्का. आज थोड़ी मजबूरी है. आप तो घर के हैं."

"हव भैया," काका म्हणाले.

एवढंच. पिशवीची चेन उघडून त्यांनी शाल छोटे भैयांच्या हातात दिली आणि आपल्या नेहमीच्या जागी, उजवीकडे, जाऊन उभे राहिले.

मी मोठ्याने म्हटलं, "ये ठीक नहीं है." सगळ्यांनी ऐकलं. मधे उभा केलेला ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला, त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. छोटे भैया म्हणाले, "दीदी, प्लीज. फोटो." मी फोन वर केला नाही. राग आला होता. छोटे भैयांचा राग, त्या पार्टीचा राग, "घर के" या शब्दाचा राग. परक्याला शाल आणि घरच्याला पुढचा महिना!

शेवटी काकाच बोलले. "काढा ताई. समोसे थंडे होऊन राह्यले."

मी फोटो काढला. नेहमीप्रमाणे तो हात चौकटीत आला. मी कापला नाही. तसाच ग्रुपवर टाकला, कारण न टाकून काय होणार होतं? तिकडे फोन हातात घेऊन मायलेकी बसल्या आहेत, त्या फोटोची वाट बघतच राहतील. आणि मला वाटलं, निदान हात तरी दिसेल काकूंना. टाळ्यांची चित्रं पडायला लागली, मी फोन पालथा ठेवला.

काका संध्याकाळी नेहमीच्या वेळेला गेले. जाताना म्हणाले, "येतो ताई." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मुलीचा फोन आला. "दीदी, मम्मी नहीं रही."

मी गेले, ऑफिसातले सगळे गेले, छोटे भैयाही आले आणि दाराशी डोकं खाली घालून उभे राहिले. काका भिंतीला टेकून बसले होते. कोणी आलं की हात जोडायचे.

तेरवी झाल्यावर काका कामावर आले. आल्याबरोबर कपाट उघडून शालीतल्या डांबरगोळ्या बघितल्या, विरून गेल्या होत्या म्हणून नव्या टाकल्या. मी चहा घेऊन गोदामात गेले. पोत्यांवर बसलो. बशी हातात धरून ते आपणहून सांगायला लागले.

"त्या दिवशी मी घरी गेलो त तिच्या हातात फोनच व्हता, ताई. पोट्टीनं सांगतलं, मायनं पायला फोटू. पायताबरोबर समजली. ड्रायव्हरकडं पायलंच नाई तिनं. बोटानं मोठा केला आन कडेले सरकवला. हात पायला. बाही पायली."

ती बाही. आकाशी, पांढऱ्या रेघांची, इस्त्रीची घडी असलेली. काकूंनी स्वतः पसंत केलेली. हात दिसेल असं म्हणून मी फोटो तसाच टाकला होता, आणि त्या हाताबरोबर नवीन शर्टही गेला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नटूनथटून गेलेला नवरा पुन्हा कडेला उभा आहे हे त्या बाईला एका बाहीवरून कळलं. मला तिथे बसवेना.

"मंग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काई नाई. मले म्हने, शर्ट चांगला बसला तुमाले. मी सांगाले गेलो का असं असं झालं, त म्हने राहू द्या. शर्ट काढून नीट ठेवा, पुढच्या महिन्यात लागन."

काकांनी चहा बशीत ओतला आणि प्यायला विसरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याच होतं.

पुढच्या महिन्याचा शेवटचा शनिवार आला. विशाखापट्टणमचा ड्रायव्हर तोवर रस्त्यापलीकडे गेला होता. छोटे भैयांनी सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं: आज काका. या वेळी समोशांबरोबर जिलेबीही मागवली होती. त्यांना मनापासून काहीतरी करायचं होतं, आणि करायला त्यांच्याकडे एवढंच होतं.

काका रोजच्या विटक्या शर्टात आले. मी हळूच विचारलं, "काका, तो आकाशी शर्ट?"

"तिच्यासंगं गेला, ताई," ते म्हणाले. "समशानात सगळ्यायनं शाली टाकल्या तिच्यावर. मायापाशी शाल नव्हती. मी थो शर्ट टाकला."

मग त्यांनी कपाटातून पिशवी आणली, चेन उघडली आणि शाल छोटे भैयांच्या हातात दिली. त्यांना मधे उभं केलं. छोटे भैयांनी शाल पांघरली. टाळ्या वाजल्या, आजवर कोणासाठी वाजल्या नसतील एवढ्या. तो वाकलेला हमाल तर थांबेचना. काका सरळ उभे होते. मी फोटो काढला. डोळे उघडे आले.

"हां, हो गया," मी सवयीने म्हटलं.

आणि कोणी हललं नाही. उजवीकडची जागा रिकामी होती. शाल काढायची कोणी, हे ठरवलंच नव्हतं. काका खांदे सैल सोडून उभे राहिले, आम्ही सगळे बघत राहिलो. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःच शाल उतरवली, त्याच घड्यांवर दुमडली आणि पिशवीत घातली.

छोटे भैया पुढे आले. "काका, ये आप रख लीजिए. आपकी है."

"रहने दो भैया," काका म्हणाले. "अगले महीने लगेगी."

त्यांनी डांबरगोळ्या टाकल्या, कपाटाला कुलूप लावलं. मी फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांच्या खिशात फोन वाजले, काकांच्याही. लोक जिलेबीकडे वळले. मी बघितलं तर काका गोदामाच्या दारात उजेडाला उभे राहून फोन बघत होते. स्वतःच्या चेहऱ्यावर ते थांबले नाहीत. दोन बोटांनी त्यांनी फोटो मोठा केला आणि हळूहळू उजव्या कडेला सरकवला. तिथे पोत्यांची थप्पी होती, दुसरं काही नव्हतं.